शांत जागा

दुकानदार खाली बघून बोलत होता, म्हणून मी काउंटरवर थाप मारली.

त्याने मान वर केली. मी कानाकडे बोट नेऊन नाही अशी खूण केली आणि एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. लिहिलं: ड्युअल लेयर डीव्हीडी रायटर दाखवा.

त्याने लिहिलं: कशाला? साधा न्या. सगळे तोच नेतात.

मी: चार तासांचा कार्यक्रम एका डिस्कवर बसवायचाय.

तो: क्वालिटी कमी करा. बसतो.

मी: हात दिसत नाहीत.

या वाक्याकडे तो बघत राहिला. मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गुंडेटीकडे वळला. "ही काय म्हणते?"

"ती म्हणते तेच दे," गुंडेटी म्हणाला. "मी नुसता पिशवी उचलायला आलोय."

पुढे जाण्याआधी एक सांगते. या गोष्टीत माणसं तीन तऱ्हांनी बोलतात. कागदावर, ओठांनी आणि हातांनी. ओठांचं मला जेवढं वाचता आलं तेवढंच इथे आहे. सुटलं तिथे मी रेघ ओढली आहे. हातांचं मात्र सगळं आहे.

दुकानदाराने खोकं काढून ठेवलं आणि लिहिलं: हा दोन्ही लिहितो. डिस्क कुठली? प्लस आर की डॅश आर?

मी: जुन्या प्लेअरवर कुठली चालते?

तो: नशीब.

मी: नशीब नको. दोन्हीतली एकेक द्या.

०

२००६ साल. नवी पेठ, सोलापूर. मी जगदेवी हत्तुरे. हे नाव रेशनकार्डावरचं. आमच्या लोकांत माझं नाव म्हणजे डाव्या भुवईवर एक टिचकी, कारण तिथे लहानपणीचा व्रण आहे. मी गुंडेटीच्या मिक्सिंगच्या दुकानात काम करत असे. तो लग्नं, मुंजी, सभा शूट करायचा. मी कापायची, जोडायची, डिस्क करून द्यायची. त्याला माझ्या भाषेतलं जेवण आणि शिव्या एवढंच येत होतं. तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी माझ्या शाळेला पन्नास वर्षं झाली. वाचासिद्धी विद्यालय. नावातच सगळं आलं. आम्ही बहिरी मुलं तिथे बोलायला शिकायचो. तोंडाने. वर्गात हात उचलला तर पट्टी. हस्तकला सोडून हातांना दुसरं काम नाही.

समारंभाचं शूटिंग गुंडेटीकडे आलं. सत्कार, अहवाल, नाच, माझ्यासारख्यांच्या तोंडून म्हणवून घेतलेली प्रार्थना. मग "माजी विद्यार्थ्याचे मनोगत". त्यासाठी इरप्पाकाकांना निवडलं होतं. पहिल्या तुकडीतले, पेशाने शिंपी. त्यांचं आमच्यातलं नाव म्हणजे गळ्यात टेप टाकल्याची खूण. ठरलं असं होतं की त्यांनी स्टेजवर नुसतं उभं राहायचं आणि एका शिक्षकाने त्यांच्या वतीने लिहिलेला कागद वाचायचा.

काका माइकपाशी गेले. शिक्षकाच्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. आणि हात वर केले.

अर्धा तास बोलले. पुढच्या रांगेतले पाहुणे आधी हसले, मग घड्याळं बघायला लागले. मागच्या रांगांतले आमचे लोक खुर्च्यांवर चढून उभे राहिले. कुणीही मध्ये पडून अर्थ सांगितला नाही. आम्हा सगळ्यांना बोलायला शिकवलेल्या देवस्थळी बाई पहिल्या रांगेत होत्या, मांडीवर सत्काराची शाल. त्यांनी एकदाच वर बघितलं.

काका काय बोलले ते इथे सांगत नाही. ज्यांनी त्या दिवशी पाहिलं त्यांनाही नीट कळलं नव्हतं, एवढ्या लांबून बोटं दिसतात कुठे? म्हणून तर सगळे डिस्कची वाट बघत होते. जुन्या मुलांच्या प्रत्येक घरी एक डिस्क जाणार होती.

०

संस्थेचे सचिव आबासाहेब निंबर्गी. मिशीमुळे त्यांचे ओठ मला अर्धेच वाचता येत.

"त्या शिंप्याचं तीन मिनिटं ठेवा," ते गुंडेटीला म्हणाले. "मागे बासरी टाका. आवाजच नाही हो त्यात. लोकांना वाटेल ____ बिघडली."

मी वहीत लिहून पुढे केलं: पूर्ण ठेवायचंय.

"अगं बाळ, जागा कुठाय? भाषणं आहेत, ____ आहेत."

लिहिलं: भाषणं कापा.

आबासाहेब हसले. गुंडेटीने माझ्या पायावर पाय दिला.

"असं करा, दोन डिस्क करा. पहिली सगळ्यांना वाटू. दुसरीत ते हातवारे. ज्याला पाहिजे त्याने ऑफिसात येऊन मागावी."

मला ते ऑफिस माहीत होतं. तिथे आमच्यातला कुणी गेला की शिपाई म्हणायचा, तोंडाने सांग. दुसरी डिस्क त्या कपाटातच राहणार होती.

मी लिहिलं: एकच डिस्क. सगळं एकाच डिस्कवर बसलं तर?

"बसलं तर ठेव की. मग माझं काही ____ नाही."

बसणार नाही याची त्यांना खात्री होती.

०

साध्या डिस्कवरही चार तास बसतात. नाही असं नाही. दर सेकंदाच्या चित्राला कमी माहिती द्यायची, की बसलं. मी करून पाहिलं. आबासाहेबांची मिशी थोडी पुसट झाली, सत्काराचे हार एकमेकांत मिसळले, पण गुंडेटी म्हणाला आवाज खणखणीत आहे. मग काका आले. त्यांचे हात जसे वेगाने हलायला लागले तसे बोटांचे चौकोन झाले. चौकोनांचे ठिपके. दोन पिठाचे गोळे हवेत फिरत होते आणि वर काकांचा चेहरा होता, डोळे मोठे केलेला, काहीतरी सांगणारा.

मी आयुष्यात पहिल्यांदा इरप्पाकाकांना मुकं झालेलं पाहिलं.

म्हणून ड्युअल लेयर. तिच्यात एकाच बाजूला एकाखाली एक असे दोन थर असतात, जवळजवळ दुप्पट जागा. तरी मी ती जागा सगळ्यांना सारखी वाटली नाही. भाषणांना कमी दिलं, हातांना जास्त. आबासाहेब पुसट झाले तरी ऐकू येणारच होते. गुंडेटीने आकडे बघितले.

"उलटं केलंस की गं."

— सुलटं केलं, मी हातांनी म्हटलं. त्याला ते कळलं नाही, पण तो हसला.

०

डिस्क तपासायला मी काकांच्या घरीच गेले. विडी घरकुल वसाहत, दोन खोल्या, शिलाई मशीन आणि कपाटावर सगळ्यात जुना, सगळ्यात हट्टी प्लेअर. इथे चालली तर कुठेही चालेल.

आधी डॅश आर. प्लेअरने गिळली, घरघरला असावा, कारण वरचा डबा थरथरला. पडद्यावर: नो डिस्क.

मग प्लस आर. नो डिस्क.

— तुझ्या डिस्कला पण बोलता येत नाही वाटतं, काका म्हणाले.

पुढचे दोन दिवस मी रायटरच्या डोक्यात शिरले. डिस्कच्या सुरुवातीला एक खूण असते, मी कोण आहे हे प्लेअरला सांगणारी. घरी लिहिलेली डिस्क म्हणते, मी घरची. जुना प्लेअर ते वाचतो आणि दार लावून घेतो. पण प्लस आर असेल तर रायटर ती खूण बदलू शकतो. मग डिस्क सांगते, मी कारखान्यातली.

तशी नवी डिस्क लिहून परत गेले. प्लेअरने डिस्क घेतली. पडद्यावर शाळेची इमारत आली.

मी काकांना सगळं समजावलं. ते हसता हसता खुर्चीवरून घसरले.

— म्हणजे शाळेत शिकवलं तसंच! मी ऐकणारा आहे असं दाखव, मग आत घेतील!

— तसंच.

— पण आत गेल्यावर? आतलं आपलंच ना?

— आतलं आपलंच.

— मग हरकत नाही. दारावर खोटं बोल. आत नको.

त्यांच्या बायकोने, तीही आमच्यातलीच, चहा आणला आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून काकांना बघू लागलो. एकेक बोट दिसत होतं. नखसुद्धा. काकू त्यांचे हात बघून मान हलवत होत्या, मग मान हलायची थांबली, मग त्यांनी पदर तोंडाला लावला. पडद्यावरच्या गोष्टीत काका धावत वर्गात आले होते, बाईंसमोर उभे होते, आणि त्यांनी दोन्ही हात वर उचलले आणि त्यांचे हात

 

 

 

आणि त्यांचे हात हवेतच अडकून राहिले. चित्र थांबलं. त्या जुन्या प्लेअरला वेळ लागला. मग पुढे सुरू झालं.

काका उठून उभे राहिले होते.

— इथंही? ते म्हणाले.

०

मला लगेच कळलं काय झालं ते. प्लेअरचा प्रकाश पहिला थर वाचून संपवतो आणि दुसऱ्या थराकडे वळतो. वळताना चित्र क्षणभर गोठतं. हे टाळता येत नाही. फक्त ते कुठे गोठावं ते ठरवता येतं, तेही मधल्या थोड्याशा पट्ट्यातच. ती जागा गुंडेटीने निवडली होती, मी जेवायला गेले असताना. मदत म्हणून.

दुकानात जाऊन मी त्याच्यासमोर स्क्रीन फिरवली.

"अगं मी नीट बघून टाकला!" त्याने आवाजाची रेघ दाखवली. भाषणांच्या वेळी ती रेघ करवतीसारखी वरखाली होती. काकांच्या अर्ध्या तासात सरळ, सपाट. "लोक बोलत असताना मध्ये तोडायचं नाही, एवढं मला कळतं. म्हणून शांत जागा शोधली. ही बघ, अख्ख्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात शांत जागा हीच."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो रेघेकडे. मग चित्राकडे. उचललेले दोन हात. पुन्हा रेघेकडे.

"आयला," तो म्हणाला.

हे मला स्पष्ट वाचता आलं.

काकांच्या पाठोपाठ लगेच आबासाहेबांचं भाषण होतं. मी सगळी विभागणी पुन्हा केली आणि वळण पुढे ढकललं. गुंडेटीला माझे कान म्हणून बसवलं.

लिहिलं: साहेब सगळ्यात जोरात कुठे बोलतात?

"इथे. 'आम्ही या मुलांना वाचा दिली.'"

लिहिलं: 'आम्ही या मुलांना' आणि 'वाचा' यांच्या मधोमध.

"जगू, तोंड उघडं राहील गं त्यांचं."

लिहिलं: हो.

०

मंजुरीसाठी डिस्क शाळेच्या सभागृहात लावली. दिवसाढवळ्या, पडदे ओढून. आबासाहेब, देवस्थळी बाई, गुंडेटी, मी आणि काका. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आले.

सगळं एका डिस्कवर बसलंय, हे आबासाहेबांनी खोक्यावर दोनदा वाचलं. ते आता स्वतःच्याच शब्दात अडकले होते. मग काकांचा भाग सुरू झाला आणि त्यांनी रिमोट उचलून आवाज वाढवला. आणखी वाढवला.

"काय म्हणतोय काय हा एवढा?" त्यांनी बाईंना विचारलं.

इथे मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. देवस्थळी बाईंना आमची भाषा येत होती. पूर्ण येत होती. जी गोष्ट चाळीस वर्षं मुलांच्या हातांत पकडायची असते ती यावीच लागते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते कधीच कबूल केलं नव्हतं. आणि त्यांचे ओठ मला कुणाच्याही ओठांपेक्षा स्पष्ट वाचता येतात. त्यांनीच शिकवलं, माझा हात स्वतःच्या गळ्यावर धरून.

बाई पडद्याकडे बघत होत्या. मग आबासाहेबांकडे वळल्या.

"आभार मानतोय," त्या म्हणाल्या. "शाळेने घडवलं म्हणतोय."

"असं होय! मग छान आहे की. राहू दे सगळं."

गुंडेटीने मला कोपर मारलं. पास झालं. काहीही न कापता, एकेक बोट दिसेल अशी डिस्क आमच्या प्रत्येक घरात जाणार होती. यांना कळलं नाही तर नाही कळलं.

काकांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं.

— काय म्हणाली ती?

गुंडेटीने माझं मनगट धरलं. "गप. ____ गप बस."

मी मनगट सोडवलं.

— म्हणाली, तुम्ही आभार मानताय.

काकांचा चेहरा हलला नाही.

— काका, पास झालंय. आपल्या सगळ्यांच्या घरी जाईल. आपल्या लोकांना कळेल. यांना नाही कळलं तर काय बिघडलं?

— यांना कळू नये म्हणून मी बोललो का?

ते उठले. आबासाहेबांच्या हातातून रिमोट घेतला, स्टेजवर तो कागद घेतला होता तितक्याच शांतपणे. डिस्क मागे नेली. आपल्या गोष्टीच्या सुरुवातीला आणून थांबवली. मग बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले, पडदा त्यांच्या पाठीशी, आणि एकच खूण केली.

— सांग.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटतं माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं की आता ओठांनी काही लपवता येणार नाही.

काकांनी बटण दाबलं.

बाईंचे ओठ हलायला लागले. एकही अक्षर सुटलं नाही मला.

"तो म्हणतो, मल्लू माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघं इथे बोर्डिंगात होतो. सकाळी मल्लूचं पोट दुखायला लागलं. तो मला हातांनी सांगत होता, इथे, इथे. मी पळत वर्गात गेलो. हातांनी सांगितलं." त्या थांबल्या. काकांनी डिस्क थांबवली. वाट बघितली. पुन्हा सुरू केली. "देवस्थळी बाईंनी माझे हात धरले. खाली केले. म्हणाल्या, तोंडाने सांग. मी म्हणालो, ओट. बाईंनी माझ्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरली. प म्हटला की पट्टी हलली पाहिजे. हलत नव्हती. पुन्हा म्हण. पुन्हा. मल्लू तिकडे एकटा होता. पुन्हा म्हण. शेवटी पट्टी हलली. बाईंना खूप आनंद झाला. त्यांनी मला जवळ घेतलं. खडीसाखर दिली. मग विचारलं, काय झालं पोटाला?"

आबासाहेब उठून उभे राहिले होते. बाई बसूनच होत्या, पडद्याकडे बघत.

"मल्लूला दुपारी दवाखान्यात नेलं. परत आणलं नाही. तो म्हणतो," बाईंचे ओठ मिटले, उघडले, "तो म्हणतो, खडीसाखर मी खाल्ली."

काकांनी डिस्क थांबवली.

०

(डिस्क वाटली गेली. ते इथेच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरंच काही सांगायचंय. संस्थेने नाही वाटली. आम्ही वाटली. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, कर्नाटकातल्या इंडीपर्यंत, एकाने दुसऱ्याच्या हाती. कुठल्याही प्लेअरने ती परत पाठवली नाही.)

०

"हे जाणार नाही," आबासाहेब म्हणाले. त्यांची मिशी थरथरत होती, पण आता मला सगळं वाचता येत होतं, एवढ्या जोरात बोलत होते. "कळलं का? संस्थेच्या नावाने हे जाणार नाही. काढून टाका."

मी नाही अशी मान हलवली.

"मग संस्थेचं नाव काढा त्यावरून!"

मी मान हलवली. काढते.

"आणि माझं भाषण! माझं भाषण असल्या डिस्कवर नको. ते पण काढा!"

मला बोलता येतं. म्हणजे तोंडाने. वर्षानुवर्षं घासून तयार केलेला आवाज आहे माझा. बाजारात तो ऐकून लोक मागे वळून बघतात. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं मी आता तो काढणार. मी खुर्ची मागे सारली, आबासाहेबांच्या समोर उभी राहिले आणि हात वर केले.

बोलले. बरंच बोलले. घाई केली नाही.

आबासाहेब माझ्या हातांकडे बघत राहिले, मग गुंडेटीकडे. गुंडेटीने खांदे उडवले. मग ते बाईंकडे वळले.

"काय म्हणते ही?"

मी बाईंच्या ओठांवर नजर ठेवली. काकाही माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते माझा चेहरा बघत होते, मी काय वाचते ते कळावं म्हणून. बाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते.

"ती म्हणते, तुमचं भाषण राहील," बाई म्हणाल्या. "अहवाल राहील, सत्कार राहतील, माझा पण राहील. ती म्हणते, आम्ही कुणाचंच काढणार नाही. काढायची पद्धत तुमची."

आबासाहेबांनी काहीतरी विचारलं. पाठ होती, मला दिसलं नाही.

"हो," बाई त्यांना म्हणाल्या. "असंच म्हणाली."

मी काकांकडे वळले.

— बाईंनी सगळं सांगितलं, मी म्हटलं. एक शब्द गाळला नाही.